गावचा दवाखाना आणि गावाचा शब्द



आरोग्य उपकेंद्राच्या दाराला कुलूप दिसले की गावात काय होते, हे मी तुम्हाला सांगायला नको. जो तो आपापल्या परीने बोलतो. पारावर बोलणे होते, पिठाच्या गिरणीत होते, एस.टी.ची वाट पाहताना होते. "नर्सबाई येतच न्हाई हो." "औषध म्हणून नुसत्या पांढऱ्या गोळ्या." "सरकारी दवाखाना, तो असाच असायचा." एवढे बोलून झाले की ज्याच्या घरी ताप आहे तो खासगी डॉक्टरांची वाट धरतो, सुई टोचून घेतो, उसने आणलेले पैसे मोजतो, आणि कुलूप होते तिथेच राहते. बोलणे पुष्कळ झाले खरे, पण ज्याने ते ऐकायचे त्याच्या कानी त्यातले एक अक्षरही गेले नाही. तेव्हा हे पारावरचे बोलणे दप्तरात कसे जावे, आणि दप्तरात गेल्यावर त्याला उत्तर कसे मिळावे, एवढाच आजचा माझा विषय आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावी मी अशा बैठकीला बसलो होतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण तशी गावे अनेक आहेत. शाळेच्या वर्गात सतरंजी टाकलेली, सरपंच, ग्रामसेवक, अंगणवाडीताई, आशाताई, चारदोन म्हातारी माणसे, आणि कोपऱ्यात अवघडून बसलेल्या नर्सबाई. मंडळी चांगलीच तापलेली होती. "बाई तालुक्याला राहतात, रात्री बाळंतपण आलं तर आम्ही काय करायचं?" असा सवाल आला. नर्सबाई आधी गप्प होत्या. मग त्यांनी हळूहळू सांगितले. उपकेंद्रामागच्या खोलीत पाणी नाही, बोअर आटून दोन उन्हाळे झाले. न्हाणीघराचे दार मोडले आहे. रात्री वाटेवर दिवा नाही. आणि त्यांच्याकडे हे एकच गाव नसून चार गावे आणि एक तांडा आहे. ज्या दिवशी इथे कुलूप दिसते त्या दिवशी बहुतेक वेळा त्या दुसऱ्या गावी बाळांना लस टोचत असतात.

खोलीत जरा शांतता झाली. तेव्हा एक म्हातारी बाई म्हणाली, "बाई, तू कोन्त्या वारी कुठं असतीस तेवढं तरी भिंतीवर लिहून ठेव. आमाला काय ठावं?"

सगळ्या बैठकीत शहाणपणाचे बोलणे ते होते. दुसऱ्याच आठवड्यात भिंतीवर वार लिहिले गेले, खाली फोन नंबर आला. दार समितीच्या पैशातून बसले, आणि नळजोड ग्रामपंचायतीने दिला. दिव्याला मात्र वर्ष लागले. पुढे बाई आठवड्यातल्या तीन-चार रात्री गावी राहू लागल्या. रोज नाही राहिल्या, ते मी कशाला लपवू? पण गावाने जाब विचारला, त्याचबरोबर कारणही विचारले, आणि त्यामुळे पुढचा रस्ता सापडला, हे मी डोळ्यांनी पाहिले.

आता तुम्ही म्हणाल, एखाद्या गावी सरपंच भला निघाला, नर्सबाई सरळ निघाल्या, म्हणून जमले. तसे नाही. जे गावाने विचारले ते विचारण्याचा गावाला अधिकार आहे आणि तो लिहिलेला आहे. आपल्याला ठाऊक नसतो, एवढेच.

मुळात सेवा किती मिळायची, हे कागदावर ठरलेले असते. सपाट मुलखात पाच हजार वस्तीमागे एक उपकेंद्र आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, डोंगरी आणि आदिवासी मुलखात तीन हजार आणि वीस हजार वस्तीमागे असावे, असे माप आहे. हल्ली पुष्कळ ठिकाणी पाटीवर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असे नवे नाव दिसते; पाटी बदलली तरी माप तेच. बाळंतपणाचे घ्या. २०११ साली जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, मग ते साधे असो की पोट चिरून केलेले, औषधे, तपासण्या, लागल्यास रक्त, आणि बाळंतिणीचे जेवणखाण, हे सारे फुकट आहे. साध्या बाळंतपणात तीन दिवस जेवण, शस्त्रक्रिया झाली तर सात दिवस. घरून दवाखान्यात नेणे आणि बाळासह घरी आणून सोडणे, हेही त्यात आले. आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतले उपचारच निःशुल्क झाले. म्हणून कोणी "बाहेरून औषध आणा" अशी चिठ्ठी हाती दिली, तर ती फेकू नका, जपून ठेवा. चिठ्ठी हा पुरावा आहे. "पैसे मागितले" असे शंभर माणसांनी तोंडी सांगण्यापेक्षा दहा चिठ्ठ्या अधिक बोलतात.

दुसरी गोष्ट, कोणते दार ठोठावायचे. आपल्याकडे निम्म्या तक्रारी चुकीच्या दारावर वाया जातात. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र ही जिल्हा परिषदेची. तिथल्या गोष्टी तालुका आरोग्य अधिकारी आणि त्यांच्यावर जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्याकडे. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय मात्र राज्य शासनाचे, त्यांचे वरिष्ठ जिल्हा शल्यचिकित्सक. अंगणवाडीचा आहार नीट येत नसेल तर बाल विकास प्रकल्प अधिकारी. आणि घरात कोणी निराधार विधवा, अपंग, म्हातारे माणूस असेल आणि संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचे पैसे अडले असतील, तर ते काम तहसील कचेरीचे, तिथे डॉक्टरांना बोलून उपयोग नाही. एका गृहस्थांनी ग्रामीण रुग्णालयाच्या क्ष-किरण यंत्राबद्दल जिल्हा परिषदेला चार अर्ज केले होते. चारही अर्ज शुद्ध मराठीत, अक्षर मोत्यासारखे. पण पत्ताच चुकला, त्याला काय करणार?

आता ग्रामसभेकडे येऊ. आपला ग्रामपंचायत कायदा १९५८ सालचा. त्या वेळी परभणी जिल्हा निजामाच्या जुन्या राज्यातून मुंबई राज्यात येऊन दोनच वर्षे झाली होती. या कायद्यात पुढे अनेक दुरुस्त्या झाल्या. त्यांतली २००३ सालची दुरुस्ती फार मोलाची, आणि गावात तिची आठवण कोणी काढत नाही. गावात काम करणाऱ्या सरकारी, निमसरकारी आणि पंचायतीच्या कर्मचाऱ्यांची हजेरी आणि नेहमीचे कामकाज यांवर सर्वसाधारणपणे ग्रामसभेचे नियंत्रण राहील, असे ती सांगते. काही गैर आढळले तर ग्रामसभेने गटविकास अधिकाऱ्यांना कळवायचे आणि त्यांनी तीन महिन्यांत त्याचा निकाल लावायचा. न लावला तर प्रकरण जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे गेले असे समजायचे. म्हणजे बघा, एरवी जो माणूस सायबाच्या दारात चप्पल काढून उभा राहतो, त्याच्या गावाच्या ठरावाला कायद्याने मुदत लावून दिली आहे.

मात्र त्यासाठी ठराव व्हावा लागतो, तो कार्यवृत्तात उतरावा लागतो. नुसती आरडाओरड कार्यवृत्तात उतरत नाही. आणि दरवेळी ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावयाची असते. पुष्कळ गावी ती कागदावरच उरकते, रजिस्टर घरोघरी सह्यांसाठी फिरते. हा मोठा तोटा आहे. पाळण्याचा, बाळंतपणाचा, अंगाबाहेर जाण्याचा प्रश्न बाई पुरुषांच्या सभेत मांडणार नाही. तो तिथेच मांडला जायचा.

ग्रामसभेखेरीज आणखी एक जागा आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले, त्यातून आशाताई आल्या आणि त्यातूनच गावोगाव ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आली. नाव लांबलचक आहे, आपण तिला आरोग्य समिती म्हणू. देशपातळीवरच्या सूचनांप्रमाणे तीत निदान पंधरा सभासद, त्यांत निम्म्या स्त्रिया, आणि दलित वस्तीचे, वाडीतांड्यावरचे प्रतिनिधी असावेत. वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंतचा निधी तिच्यासाठी ठेवलेला आहे, आणि तो कशावर खर्चायचा हे समितीने ठरवायचे. रक्कम लहान आहे. पण मघाचे ते न्हाणीघराचे दार अशाच पैशातून बसले होते. तुमच्या गावच्या समितीत कोण कोण आहे, हे आज संध्याकाळी विचारून पाहा. स्वतः सभासद असलेल्या माणसालाच ते ठाऊक नसते, असेही मी पाहिले आहे! उपकेंद्राच्या पातळीवर आता जन आरोग्य समितीही असते. तिचे अध्यक्ष सरपंच, आणि सचिव तिथले समुदाय आरोग्य अधिकारी.

हे सारे खरोखर चालते काय? चालवून पाहिले आहे, म्हणून सांगतो. २००७ साली देशातल्या नऊ राज्यांत लोकांनीच आरोग्यसेवेवर देखरेख ठेवण्याचा प्रयोग सुरू झाला, आणि त्यांत महाराष्ट्र होता. आपल्याकडे त्याला 'लोकाधारित देखरेख व नियोजन' असे नाव होते. पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि आपल्या मराठवाड्यातला उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, असे पाच जिल्हे निवडले. त्यांतली मिळून सव्वादोनशे गावे. राज्यभरच्या कामाचा मेळ पुण्याच्या 'साथी' या संस्थेने घातला. पुढे बीड, औरंगाबाद हे आपले शेजारीही त्यात आले.

पद्धत अगदी सोपी होती. गावातल्या बाया, पुरुष, समितीचे लोक एकत्र बसायचे आणि एकेका सेवेला शेरा द्यायचे. लसीकरण वेळेवर होते का? नर्सबाई येतात का? दवाखान्यात पैसे मागतात का? औषध मिळते का? चांगले असेल तर हिरवा रंग, मधलेच असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. अक्षर न येणाऱ्या आजीलाही तक्ता वाचता येई, आणि साहेबांनाही तो टाळता येत नसे. मग तालुक्याला जनसुनवाई व्हायची. एका बाजूला गावकरी, दुसऱ्या बाजूला वैद्यकीय अधिकारी आणि आरोग्य अधिकारी. ज्याच्यावर गुदरले तो माणूस उभा राहून सांगे, आणि उत्तर तिथल्या तिथे, सर्वांदेखत द्यावे लागे.

काही महिन्यांनी पुन्हा तीच गावे, पुन्हा तेच प्रश्न. पहिल्या फेरीत निम्म्याहून थोड्या कमी सेवांना 'चांगले' असा शेरा मिळाला होता. तिसऱ्या फेरीत, म्हणजे साधारण दीड वर्षात, तो दोन-तृतीयांशाच्या घरात गेला. यात जादू काही नव्हती. विचारणारा परत येणार आहे, हे समोरच्याला कळले, इतकेच. एकदाच येऊन गेलेली तक्रार म्हणजे वळवाचा पाऊस, जमीन भिजल्यासारखी दिसते आणि दुपारपर्यंत पुन्हा कोरडी.

पण या प्रयोगाचे दुसरे अंगही सांगितले पाहिजे. दवाखान्याच्या पातळीवर जे सुटण्यासारखे होते ते लवकर सुटले: वेळेवर न येणे, पैसे मागणे, बाहेरची चिठ्ठी, उद्धट बोलणे. रिकाम्या जागा मात्र रिकाम्याच राहिल्या, कारण डॉक्टरची नेमणूक तालुक्याच्या हाती नसते. औषधाचा पुरवठाच वरून तुटला तर फार्मासिस्ट तरी काय देणार? अशा गोष्टी राज्यापर्यंत न्याव्या लागतात, आणि एकट्या गावाचा आवाज तिथवर पोचत नाही. दहा-वीस गावांनी एकच ठराव करून आमदारांच्या, जिल्हा परिषदेच्या पुढे ठेवला तर काही आशा असते. म्हणून रिकाम्या जागेचा राग हजर असलेल्या माणसावर काढू नये. दोन नर्सबाईंचे काम एकटी करते, तिलाच आपण फैलावर घेतो. मग तीही बदली करून घेते.

ही कल्पना आपल्याला परकी नाही, हेही लक्षात असू द्या. शेजारच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे या दांपत्याने १९७० साली काम सुरू केले, तेव्हा गावाला आधी काय हवे आहे हे त्यांनी गावालाच विचारले. लोकांनी सांगितले, आधी पाणी, आधी अन्न. औषध नंतर. मग गावच्याच बायांना, ज्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती, त्यांनी आरोग्याचे काम शिकवले. आणखी आठ वर्षांनी, १९७८ साली, अल्मा-आटा इथे जगातल्या देशांची परिषद भरली. आपल्या आरोग्यसेवेचे नियोजन करण्यात आणि ती चालवण्यात भाग घेणे हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही आहे, असे तिथे जाहीर झाले. जामखेडच्या बायांनी ते आधीच करून ठेवले होते.

आता एक गोष्ट खास आपल्या जिल्ह्याची. गंगाखेड, पालम, जिंतूर या भागातल्या वाड्यातांड्यांवरून कितीतरी जोडपी दसरा-दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, आणि उन्हाळा लागता लागता परततात. आपल्या ग्रामसभा बहुधा १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या दिवसांच्या आगेमागे होतात. २६ जानेवारीला ही माणसे कारखान्याच्या फडात असतात. म्हणजे गावातली ज्यांची तब्येत सर्वांत धोक्यात, गरोदरपणी मोळ्या वाहणाऱ्या, लेकरांना पाचटावर निजवणाऱ्या, त्यांच्यावाचून ती सभा होते. तेव्हा त्यांचे प्रश्न २ ऑक्टोबरच्या सभेत घेतलेच पाहिजेत. कोण कोण जाणार, त्यांत गरोदर किती, लस राहिलेली लेकरे किती, क्षयाचे औषध चालू असलेले कोण, ही यादी आशाताईंनी आणि अंगणवाडीताईंनी निघण्याआधी करावी. माता व बाल संरक्षण कार्ड सोबत द्यावे, ते दुसऱ्या जिल्ह्यातही चालते. क्षयरोग्याचे नाव तिकडच्या केंद्राला कळवता येते, म्हणजे औषधाचा खंड पडत नाही. आणि १ मेच्या सभेत विचारावे, काय मिळाले, काय मिळाले नाही? हे करायला नवा कायदा लागत नाही, पंचांग लागते.

गुरुजनहो, आता थोडे तुमच्याकडे. तुम्हाला आधीच कामे पुष्कळ आहेत. जनगणना तुम्ही, मतदारयादी तुम्ही, आता हे आणखी कुठे, असे मनात येईल. मी एवढेच मागतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येऊन मुले तपासते. एखाद्या मुलाच्या हृदयात दोष निघतो, कोणाला ऐकू कमी येते, कोणाची नजर अधू निघते. पथक चिठ्ठी देते आणि जाते. ती चिठ्ठी बापाच्या खिशात भिजून जाते, कारण परभणीला जायचे म्हणजे दोन माणसांची मजुरी बुडते. त्या मुलांची नावे तुमच्या वहीत उतरवून ठेवा आणि तीन महिन्यांनी समितीत वाचा. "अमक्याच्या मुलीला पुढे पाठवले होते, तिचे काय झाले?" इतका प्रश्न एका गुरुजींनी दर बैठकीला विचारला, तर ते लेकरू कागदात हरवणार नाही.

दुसरे, ठराव लिहायला मदत करा. आपल्या गावचे ठराव फार गोड असतात. "आरोग्यसेवेत सुधारणा व्हावी, असे सर्वानुमते ठरले." याला कोणी काय उत्तर द्यावे? सुधारणा होईल, असेच ना? त्याऐवजी असे लिहावे: "आमच्या उपकेंद्रात गेल्या महिन्याच्या अमुक अमुक तारखांना दिवसभर कुलूप होते. अमुक तारखेला एका गरोदर स्त्रीस परत जावे लागले. गेल्या तीन महिन्यांत रक्तवाढीच्या गोळ्या मिळालेल्या नाहीत. तरी याची कारणे आणि केलेली तजवीज पुढील ग्रामसभेपूर्वी लेखी कळवावी. प्रत तालुका आरोग्य अधिकारी व गटविकास अधिकारी यांस." यात शिवी नाही, विशेषणही नाही. तारखा आहेत. तारखेला उत्तर द्यावे लागते.

उत्तर नाहीच आले, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहे. दहा रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालील माणसाला तेही माफ, आणि तीस दिवसांची मुदत. "आमच्या ठरावावर काय कार्यवाही केली, त्याची प्रत द्यावी," एवढी एक ओळ त्याला पुरे.

ठराव तालुक्याला पोचवायला मात्र एकट्या माणसाला पाठवू नका. दोघे जा, त्यांत एक बाई असू द्या. आवक खिडकीवर दोन प्रती न्या, एक द्या, आणि दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घेऊनच माघारी फिरा. ती पोच समितीच्या दप्तरात लावा आणि पुढच्या सभेत पहिला विषय म्हणून तीच काढा.